फक्कीनं आखलेलं दुकान

कुसुमच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या स्टँडवर सेनगावच्या गाडीत बसलेले होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन पर्समध्ये ठेवला, तिकीट घेतलं, सुटे पैसे नीट मोजून ठेवले. गाडी गावाबाहेर पडली, कुणाच्या तरी अंगणात शिजवलेली हळद वाळत घातलेली दिसली, आणि मग एकदम कळलं, कोण गेली ते. मी उठून गाडी थांबवायला सांगितली. कंडक्टर म्हणाला, इथं थांबा न्हाई बाई. मग त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि बेल मारली. मी रस्त्याच्या कडेनं गावाकडं चालत आले.

याला आता दीड महिना होत आला. कुसुम आणि मी गोरेगावच्या शाळेत शिक्षिका होतो. ती चित्रकला शिकवायची, मी मराठी. हिंगोलीहून रोज जीपनं जायचो, यायचो. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत मला ती पूर्ण कळली असं मी समजत होते. पण तिचं खरं मोठेपण मी पाहिलं ते आम्ही दोघी निवृत्त झाल्यावर, ती दोन वर्षं 'नवलाई'च्या मागे लागली तेव्हा.

'नवलाई स्टोअर्स' आजच्या पोरांना ठाऊक नाही. हिंगोलीतलं दुमजली दुकान. खाली कापड, भांडी, ट्रंका, शिलाई मशिनी. वर रेडिओ, घड्याळं, तयार कपडे, खेळणी. आजूबाजूच्या गावांतून माणसं लग्नाचा बस्ता बांधायला तिथंच यायची. बायका दिवसभराच्या भाकरी बांधून आणायच्या, कारण तिथं गेलं की संध्याकाळपर्यंत निघणं व्हायचं नाही. नंतर दुकान बंद पडलं, बरीच वर्षं कुलूप राहिलं, आणि एक दिवस इमारत पाडायला काढली. आम्ही दोघी बाजारातून येत होतो. वरच्या मजल्याची हिरवी भिंत फुटून आतलं आभाळ दिसत होतं. कुसुमनं समोरच्या मोबाईलच्या दुकानातल्या तरुण मालकाला सहज विचारलं, इथं काय होतं हो? तो म्हणाला, जुनं गोडाऊन व्हतं कुणाचं तरी.

कुसुम तिथून तडक घरी आली. दारात चप्पल काढताना म्हणाली, "सुधा, आपण दोघी मेलो की ते गोडाऊनच राहणार बघ."

दुसऱ्या दिवसापासून तिनं शोध सुरू केला. आधी फोटो. दुकानाच्या मालकाचे दोन मुलगे. थोरले हिंगोलीतच असतात, धाकटे नांदेडला गेले. दोघांत कित्येक वर्षांचा अबोला. थोरल्यांकडं एकच फोटो निघाला, उद्घाटनाचा. त्यात हारतुरे घातलेली माणसं रांगेत उभी, आणि त्यांच्या पाठीमागं दुकान झाकून गेलेलं. आतला एकही फोटो कुणाकडं नव्हता. फोटो दाखवून झाल्यावर थोरले सांगू लागले, धाकट्यानं दुकान कसं बुडवलं ते. पुढं आम्ही नांदेडला गेलो तर धाकटे सांगू लागले, थोरल्यानं कसं बुडवलं. कुसुमनं दोघांनाही एकच उत्तर दिलं. "बंद कुणामुळं झालं ते मला नको. चालू असताना काय होतं तेवढं सांगा." आपण धाकट्यांकडंही जाऊन आलो हे तिनं थोरल्यांपासून लपवलं नाही. त्यांनी तिच्या तोंडावर दार लावलं. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. तेव्हाही लावलं. ती पुन्हा गेली... शेवटी त्यांच्या मिसेसनंच तिला आत बोलावून चहा दिला, आणि थोरले समोर येऊन बसले, आणि कापडाच्या काउंटरवर कुठला तागा कुठं असायचा ते सांगत राहिले.

फोटो नाही म्हटल्यावर तिनं ठरवलं, दुकान माणसांकडूनच गोळा करायचं. सेनगाव, गोरेगाव, आडबाजूचे तांडे... जिथं म्हणून 'नवलाई'त गेलेलं माणूस आहे असं कळायचं, तिथं ती जायची. मोबाईल समोर ठेवायची, बोलणं रेकॉर्ड करायची, आणि घरी येऊन जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर नकाशा काढायची. कुणी म्हणायचं भांडी डावीकडं, कुणी उजवीकडं. खोडून पुन्हा काढायची. मी सोबत असायचे, पण माझा त्यात जीव नव्हता हे सांगायला हवं. मला वाटायचं, एक दुकान तर होतं, त्याचं एवढं काय.

ते मत बदललं सेनगावजवळच्या एका तांड्यावर. जमनाबाई नावाची म्हातारी शेरडं बांधून आमच्यापाशी येऊन बसली. अंगात अजून जुनी आरशांची कांचळी, बंजारा बायकांची चोळी. कुसुमनं विचारलं, 'नवलाई'तून तुमी काय घेतलं? ती म्हणाली, काहीच न्हाई. पण दर बाजारी जायची. जिना जिथं वळतो तिथं भिंतीत माणसाएवढा आरसा होता, त्याच्यापुढं घटकाभर उभी राहायची आणि खाली यायची. दुकानातल्या लोकांनी तिला कधी हटकलं नाही.

"माह्या अंगावर एवढे आरशे," कांचळीवर हात फिरवत ती म्हणाली. "त्यात समदं जग दिसायचं, म्या न्हाई दिसायची. डोक्यापासून पायापर्यंत म्या मला तिथं पाह्यलं बाई. पयल्यांदा."

येताना जीपमध्ये मला त्या म्हातारीचा आरसाच दिसत होता. कुसुम मात्र खुशीत होती. जिना कुठल्या बाजूला वळतो हे कोडं तिचं सुटलं होतं.

मधे तिच्या किडन्यांचं दुखणं निघालं. डायलिसिस सुरू झालं. हातावर सूज, तोंडाला चव नाही, अशी ती एक दिवस दवाखान्यात आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये. वैशाली रडायची, मी रागवायचे. ती म्हणायची, नुसतं पडून राहून काय बरी होणार आहे का मी.

आणि मग तिनं ती गोष्ट केली जी हिंगोलीनं पाहिली. दुकानाची जागा कुणीतरी विकत घेतली होती. पाया खोदायच्या आधी एक दिवस ती जागा आम्हाला द्या, असं तिनं त्या माणसाला जाऊन सांगितलं. त्याला काय वाटलं देव जाणे, तो हो म्हणाला. थंडीचे दिवस होते. सकाळी उन्हं यायच्या आत कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन कुसुम त्या मोकळ्या जागेत उतरली. तिनं भिंती आखल्या, दार आखलं, काउंटर आखले. वरचा मजला वर आखता येत नव्हता, म्हणून तो शेजारी आखला, आणि दोहोंच्या मध्ये जिना म्हणून पट्ट्या ओढल्या. वाकायला त्रास व्हायला लागला तेव्हा ती मातीत बसली आणि सरकत सरकत रेषा ओढत राहिली. मी फक्कीची पाटी पुढं करत होते. तिची एकही रेष वाकडी गेली नाही.

तिनं सगळ्यांना एकच निरोप दिला होता, 'नवलाई'तून घेतलेली वस्तू घेऊन या आणि जिथून घेतली तिथं उभे राहा. मला वाटलं, दहा-वीस माणसं येतील. माणसं जीप भरून आली. डोक्यावर ट्रंक घेऊन एक जोडपं आलं. रिक्षात शिलाई मशीन आली. कंदील, भिंतीवरची घड्याळं, जर काळी पडलेले शालू, चाक तुटलेली पत्र्याची मोटार. आणि मी एक गोष्ट पाहिली जी मला अजून खरी वाटत नाही. जागा चहूबाजूंनी उघडी होती. जमिनीवर नुसती पांढरी रेष. पण कुणीही रेष ओलांडून आत आलं नाही. सगळे वळसा घालून दारातूनच आत आले. वर जायचं असेल तर जिन्याच्या पट्ट्यांवरून, पाय उचलत उचलत गेले.

थोरले कापडाच्या काउंटरमागे येऊन उभे राहिले होते. दुपारकडं धाकटे आले. ते दाराच्या रेषेबाहेरच थांबले. थोरल्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग खाली काउंटरकडं पाहिलं, तिथं काहीतरी घडी घालायचं राहिलंय अशा नजरेनं. आणि म्हणाले, "वर जा. घड्याळांपाशी कोणी न्हाई."

धाकटे दारातून आत आले, जिना चढले आणि घड्याळांपाशी जाऊन उभे राहिले. संध्याकाळी दोघं आपापल्या वाटेनं गेले. त्यांचा समेट झाला असं मी म्हणणार नाही. पण आता लग्नाकार्यात एकमेकांना 'जेवलास का' एवढं विचारतात, असं ऐकते.

जमनाबाईही आली होती. जिन्याच्या वळणावर, जिथं काहीच नव्हतं, तिथं ती उभी राहिली. समोर सरळ बघत तिनं ओढणी सारखी केली, आणि उतरून आली. कुसुम माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती, साडीला, हाताला, केसांना फक्की लागलेली. मी तिच्याकडं पाहिलं आणि मला पहिल्यांदाच वाटलं की ही बाई कोण आहे हे मला माहीत नाही. एवढी वर्षं मी हिच्या शेजारी जीपमध्ये बसत होते...

त्यानंतर काही महिन्यांत ती गेली. या सगळ्यावर पुस्तक लिहायचं तिच्या मनात होतं, ते राहिलं. उरली ती रेकॉर्डिंगं. वैशाली आणि मी ती आता ऐकत असतो. ऐकताना लक्षात येतं की कुसुमचा आवाज त्यात जवळजवळ नाहीच. गोरेगावचे एक गृहस्थ वडिलांसाठी रेडिओ घेतल्याचं सांगतात. किती हौसेनं घेतला, गावात कसा पहिला होता. मग "एवढंच," म्हणून थांबतात. कुणीही असतं तर तिथं आभार मानून उठलं असतं. मी तर नक्कीच. पण रेकॉर्डिंग बंद होत नाही. पंख्याचा आवाज येतो. लांब कुठं बकरी ओरडते. कुसुम काहीच विचारत नाही. खूप वेळ जातो... आणि मग ते गृहस्थ अगदी खालच्या आवाजात म्हणतात, "खरं सांगू का बाई, वडील तवा बहिरे झाले व्हते. ते नुसता त्याच्यावर हात ठेवून बसायचे. धडधडतंय म्हणायचे."

अशा जागा प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये आहेत. परवा वैशाली ते सगळं नीट लावत होती. मला म्हणाली, मावशी, मधल्या या रिकाम्या जागा काढून टाकू का, नुसता पंखाच ऐकू येतो.

"राहू दे," मी म्हटलं. "ती तुझी आई आहे."