तिरोड्यातलं खारं पाणी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, एका जागी बसून कपभर चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. पहिला घोट ओट्यावर, दुसरा अंगणात, तिसरा माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. कप सापडायचा तो सायकलच्या कॅरिअरवर, नाहीतर पेरूच्या बेचक्यात. पायाला भिंगरी लावलेला माणूस, म्हणून अख्खी गल्ली त्यांना भिंगरीभाऊजी म्हणे. विहारात वंदनेला सगळे डोळे मिटून बसत, तेव्हा बाहेर कोणीतरी चपला रांगेत लावत असे. कोण, ते बघायला डोळे उघडावे लागत नसत.

आमची दोन घरं एका भिंतीची. त्यांची बायको कुसुम, माझी धाकटी जाऊ, मला म्हणायची, “बाई, याईले खुर्ची कायले देता? एक खुंटी द्या, शर्टासारखं टांगून ठेवू.” भाऊजी तोवर खुर्चीवरून उठून कुठे गेलेले असायचे, त्यांना ऐकूही जायचं नाही.

मग कुसुम आजारी पडली. नागपूरच्या दवाखान्यात तपासणीला नेत, त्याच्या समोर शोभेच्या माशांचं दुकान होतं. बाहेर आली की ती तिथल्या काचेपाशी उभी राहायची. नारिंगी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा एक समुद्रातला मासा होता, बोटाएवढा. एका जागी झुलत राहायचा. “पाहा, कसा थिर हाय,” ती भाऊजींना म्हणायची, “याच्याजवळून शिका काही.” ती गेली, आणि वर्षश्राद्ध वगैरे आपल्यात नाही, पण वर्ष होत आलं तेव्हा भाऊजींनी जाहीर केलं की तो मासा घरी आणायचा.

आता आपला तिरोडा गोंदिया जिल्ह्यातला, आणि हा जिल्हा तलावांचा. इथे मासा म्हटलं की मरळ नाहीतर झिंगे, आणि लागलीच मसाला वाटायला घ्यायचा. समुद्र पाहिलेलं गल्लीत कोणी नव्हतं, भाऊजींनीही पाहिला नव्हता. पण त्यांची सगळी नोकरी बॉयलरचं पाणी तपासण्यात गेली होती. त्यामुळे पाण्याचं त्यांना कळे, माशाचं कळत नव्हतं. बैठकीत काचेची मोठी टाकी आली. आरओचं पाणी ड्रममध्ये भरून त्यात समुद्राचं मीठ घोळवायचं; ते मीठ वेगळं मिळतं, आपलं भाजीतलं चालत नाही. एक भिंगाची नळी होती, तिच्यावर थेंब ठेवून उजेडाकडे बघायचं की खारटपणाचा आकडा दिसतो. भाऊजी ती खिशात घेऊन हिंडत. एकदा माझ्या लोणच्याचा खार तपासून गेले. त्या दिवशी जेवताना लोणचं घेतलं नाही.

कित्येक आठवडे टाकीत नुसतं पाणी आणि दगड. पंप घूं घूं करतोय, दिवा जळतोय, मासा नाही. समोरचे गुरुजी येता-जाता विचारत, “का जी, पाणीच पाळलं का तुम्ही?” भाऊजी म्हणत, “पाणी पिकू द्या ना गुरुजी. कच्च्या पाण्यात मासा स्वतःच्याच मुतानं जळते.” रोज काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं. हिरवं झालं तर विष, पिवळं राहिलं तर चांगलं. रंग येईपर्यंत थांबायला लागे आणि तेवढ्यात यांच्या अंगणात दोन फेऱ्या होत.

अखेर पाणी पिवळं राहायला लागलं आणि भाऊजी नागपूरहून मासा घेऊन आले. एवढे आठवडे धीर धरला, पण त्या दिवशी भिंगरी जिंकली. चप्पलही काढली नाही. पिशवीची गाठ दातांनी सोडली आणि मासा धडकन टाकीत ओतला. आपल्याकडे बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मत्स्यबीज सोडताना डबे उपडे करतात, त्यांच्या डोळ्यांपुढे तेच होतं. संध्याकाळी मासा काचेला टेकून आडवा पडलेला. भाऊजी स्टेशनापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग माझ्या दारात उभं राहून म्हणाले, “वहिनी, पिशवीतलं न् टाकीतलं, दोन्ही पाणी चांगलं होतं. पण एक नव्हतं.”

त्यानंतर दुसरा मासा आला तेव्हा मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. बैठकीतला दिवा बंद. बंद पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, आतबाहेरची ऊब सारखी व्हायला. मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत. आणि टाकीतून बादलीत सोडली होती चक्क सलाइनची नळी, मेडिकलमधून आणलेली, चकतीवाली. चकती फिरवून धार बारीक केली: टप... टप... टप. गुरुजी दारातून डोकावले. “कोणाले सलाइन लावली जी?” भाऊजींनी तोंडावर बोट ठेवलं. स्टुलावर बसले होते. बसले होते, खरंच सांगते. पाय हलत नव्हता. बादलीतलं पाणी दुप्पट होऊन वर चढेपर्यंत माणूस जागचा उठला नाही. मी चहा आणून दिला तो त्यांनी तिथेच, एका जागी, संपवला. मी रिकामा कप घेऊन आत आले आणि मला कुसुमची फार आठवण आली. हे तिने बघायला हवं होतं.

बादलीतलं पाणी मात्र त्यांनी टाकीत पडू दिलं नाही. मासा तेवढा वाटीने उचलून सोडला. “प्रवासाची घाण हाय त्यात,” म्हणाले. पुढे त्याला जोडीदारही आला, असाच सलाइन लावून.

मला त्यांनी एकच काम शिकवलं. टाकीच्या काचेवर त्यांनी कुसुमची एक लाल टिकली चिकटवली होती, तिच्या डब्यात उरलेली. पाणी टिकलीच्या खाली गेलं की भर घालायची, पण गोड्या पाण्याची. मी म्हटलं, “खाऱ्यात गोडं कायले?” तर म्हणाले, “पाणी उडून जाते वहिनी, मीठ उडत नाही. ते मागेच राहते.”

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एका मे महिन्यात, बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडून पाणी थंड करता करता भाऊजींनाच चक्कर आली. धप्प आवाज मला भिंतीतून ऐकू आला. त्यांचा मुलगा मिलिंद विशाखापट्टणमला नोकरीला. तो आला, बापाला डॉक्टरकडे दाखवून आणलं, आणि लगेच म्हणाला, “मोठीआई, उद्या बाबांना नेतो. घराला कुलूप.” भाऊजी आतबाहेर करत होते, हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. मला त्यांचा तो काचेला टेकलेला पहिला मासा दिसला.

मी मिलिंदला टाकीपुढे उभं केलं. “बापाले तू पिशवीतून धडकन ओतून राहिला का रे?”

“मोठीआई, तिथं सगळं चांगलं आहे. लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे.”

“चांगलं असंल. पण एक नाही ना. नळी लाव बाबा, थेंब थेंब जाऊ दे.”

पोरगा समजूतदार. ठरलं की आधी थोडे दिवस न्यायचं, परत आणायचं, मग थोडे जास्त. कुलूप लावायचं नाही, टाकी मी बघणार.

पहिल्यांदा भाऊजी ठरल्याआधीच परत आले. “तिथं कोणी ‘का जी’ म्हणत नाही. चालाव तर कुठं, पंधराव्या मजल्यावर?” दुसऱ्या खेपेला तिथून फोन आला, आवाज चढलेला. “वहिनी, समुद्रावर गेलो होतो. भिंगाची नळी लावून पाहिली. आपल्या टाकीपेक्षा कमी खारा हाय. लय नद्या येऊन मिळतात ना या समुद्राले.” म्हणजे जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि आधी त्याची तपासणी केली. मी म्हटलं, “मग समुद्रात मीठ टाका थोडं.” “एवढं मीठ नागपुरात भेटणार नाही,” म्हणाले, आणि कितीतरी वेळ हसत राहिले.

येत गेले, जात गेले. दर वेळी मुक्काम तिकडचा लांबत होता, हे मला दिसत होतं. पण इथे आले की तिकडच्या औषधांची पिशवी इथे विसरत, तिकडे गेले की इथल्या किल्ल्या शोधत. अर्धे कपडे इथे, अर्धे तिथे. चेहऱ्याचा रंग उतरलेला. या हिवाळ्यात आले तेव्हा टाकीपुढच्या स्टुलावर येऊन बसले. मी म्हटलं, “आता होळी करूनच जा.”

त्यांनी माशांना चिमूटभर खाणं टाकलं. मग म्हणाले, “वहिनी, एक गोष्ट मी तुम्हाले सांगितलीच नाही. लय वेळ बादलीतही ठेवायचं नसते. पाणी जुळलं की उचलून टाकीत सोडाव लागते. नाही तर बादलीतच गुदमरते.”

मला समजलं. मी म्हटलं, “जुळलं का पाणी?”

“जुळलं. सकाळी समुद्रावर दोघं-तिघं वाट पाहतात माझी. भाषा समजत नाही, पण चहा पाजतात.”

“बसून पिता?”

“बसून पितो.”

नळी जोडायला मीच सांगितलं होतं, आता तक्रार कोणाकडे करू? गोंदियाच्या स्टेशनावर मी सोडायला गेले. गाडीत खिडकीशी बसले ते गाडी हलेपर्यंत बसूनच होते. पूर्वी असते तर दहा वेळा खाली उतरून पाण्याची बाटली आणली असती.

दोन्ही मासे आता माझ्या भरवशावर झुलतात. मला मात्र बसवत नाही. भाजी फोडणीला टाकते आणि भिंतीपलीकडे जाऊन टिकली बघून येते. दार लावते, पुन्हा उघडते. पंपाचा आवाज बदलला वाटतो, तसा बदललेला नसतो. काल माझा चहाचा कप मला पेरूच्या बेचक्यात सापडला, गार झालेला. जाताना भाऊजी सगळं घेऊन गेले, त्यांची चुळबुळ तेवढी माझ्याकडे ठेवून गेले.

संध्याकाळी फोन येतो. पलीकडे लाटांचा आवाज असतो. “वहिनी, पाणी टिकलीला हाय ना?”

“हाय जी,” म्हणते मी, आणि उठते, गोड्या पाण्याचा तांब्या भरायला.