सबनीसांचा दुसरा अर्ज

दोन वर्षांपूर्वी, ईदच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, कतारमधल्या अल खोरमध्ये देवधरांच्या घरी मिसळ खाताना प्रमोद सबनीस यांनी आपण नर्सिंगच्या पदवीसाठी अर्ज करणार असल्याचे सांगितले. त्यानंतर कोणी दुसऱ्यांदा रस्सा मागितला नाही.

सबनीस तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. मूळचे नाशिकचे, मेकॅनिकल इंजिनिअर, रास लफानच्या एका गॅस कंपनीत सीनियर प्लॅनर. प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा झाला की कोणते काम कोणानंतर, कोणती क्रेन कधी, हे ते ठरवत. कामांच्या आडव्या पट्ट्या आखलेला तक्ता हे त्यांचे हत्यार होते आणि ते फक्त ऑफिसात चालवायचे असते हे त्यांना मान्य नव्हते. देवधरांकडच्या सत्यनारायणाला त्यांनी फ्रीजवर तक्ता लावला होता. गुरुजी चौथ्या अध्यायात असताना ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, “वहिनी, कथा मागे पडलीय. शिरा मंद करा.” उशीर झाला म्हणून कोणी हळहळले की त्यांचे वाक्य ठरलेले असे : “रडू नका. पुढची पट्टी कुठे सरकते तेवढं सांगा.”

अशा माणसाने नर्स व्हायचे का ठरवले, याची शुक्रवारी जमणाऱ्या आमच्या मराठी गटात बरीच चर्चा झाली. खात्रीची माहिती एवढीच, की त्याआधीच्या हिवाळ्यात ते मोठी रजा घेऊन नाशिकला गेले होते आणि वडिलांच्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये त्यांच्याजवळ राहिले होते. कारण विचारल्यावर ते म्हणाले, “बाबांची कूस बदलताना, त्यांना पुसून घेताना मी घड्याळ बघितलं नाही. ऑफिसात सारखं बघतो.” हे कारण कोणालाच पुरेसे वाटले नाही. पगाराचे, बढतीचे किंवा बॉसशी भांडणाचे कारण असते तर चालले असते.

ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयाची पदवी आहे त्यांना कमी वेळात नर्सिंगची पदवी देणारा वर्ग दोह्यातल्या एका कॉलेजात होता. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. शरीररचना, पोषण, मानसशास्त्र हे विषय आधी पास व्हावे लागत. इंजिनिअरिंगची केमिस्ट्री कॉलेजने फार जुनी म्हणून नाकारली. सबनीसांनी ती पुन्हा दिली. कंपनीच्या बसमध्ये ते हाडांची नावे पाठ करत. शेजारी बसणारे वेल्डिंग इन्स्पेक्टर स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून “हे काय?” असे विचारत आणि उत्तर बरोबर आले की हळहळत.

नाशिकहून आईने फोनवर विचारले, “म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली का?” सबनीस म्हणाले, “नाही गं, पेशंटच्या जवळ.” आई म्हणाली, “ते हाताखालीच झालं.” मुलगी सई नववीत होती. ती म्हणाली, “बाबा, इट्स टोटली फाइन. जस्ट डोन्ट टेल एनीवन ऑन माय बस.”

देवधरांनी मात्र मदत करायचे ठरवले. ते मेंटेनन्स मॅनेजर होते, गटात वयाने सर्वांत मोठे, आणि आमच्यातला कोणीही कुठे कमी पडू नये याची त्यांना मनापासून काळजी असे. इंटरव्ह्यूच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी आपल्या हॉलमध्ये तालीम ठेवली. सोफ्यावर पॅनेल म्हणून चार इंजिनिअर आणि एक चार्टर्ड अकाउंटंट बसले. रुग्णाला हात लावलेला कोणी नव्हता.

“व्हाय नर्सिंग?” देवधरांनी विचारले.

“मला माणसांची काळजी घ्यायला आवडतं,” सबनीस म्हणाले.

“अरे, असं नाही बोलायचं! घरकाम मागायला आलायस असं वाटतं. आणि नर्सिंग हा शब्दच नको. हेल्थकेअर म्हण. लीडरशिप म्हण. पाच वर्षांनी मी हॉस्पिटल चालवत असेन, असं सांग. तुझे तक्ते दाखव त्यांना.”

स्लाइड कोणी बनवून दिल्या, टाय कोणी दिला, हे सांगायला आजही अनेक जण तयार आहेत.

इंटरव्ह्यू उत्तम झाला. तीन जणांच्या पॅनेलने सगळ्या स्लाइड पाहिल्या. मुख्य बाई फिलिपिनो होत्या, जुन्या अनुभवी नर्स. त्यांनी वॉर्डातला वेळ वाचवणाऱ्या तक्त्याचे कौतुक केले आणि हॉस्पिटल मॅनेजमेंटचा विभाग वरच्या मजल्यावर असल्याचे सांगितले. अर्ज नामंजूर झाला. त्या शुक्रवारी देवधरांकडे श्रीखंड होते. “सुटलास बाबा,” देवधर म्हणाले. “प्रयत्न केलास, मनात राहिलं नाही. आता खलास.”

“पट्टी एक वर्ष सरकली,” सबनीस म्हणाले आणि श्रीखंड दुसऱ्यांदा घेतले.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा अर्ज केला. तालमीला नाही म्हणाले. देवधरांना वाईट वाटले. “आम्ही काय तुझं वाईट चिंततो का रे?” त्यांनी विचारले. “नाही,” सबनीस म्हणाले, “पण तुम्ही मला पास करायला निघालात की मी दुसरंच काहीतरी होतो.”

दुसऱ्या इंटरव्ह्यूत काय झाले याची माहिती खुद्द सबनीसांकडून मिळाली. कॉलेजची बाजू कळू शकली नाही. या वेळी एका खोलीत खाट होती आणि खाटेवर रुग्णाचे काम करणारे एक म्हातारे अरब गृहस्थ. त्यांना गोळी घ्यायला लावायची होती. सबनीसांचे अरबी सगळे साइटवर शिकलेले. क्रेनवाल्याला ‘चल, आटप’ म्हणून घालतात त्या सुरात त्यांनी हाक घातली, “यल्ला, हाजी, यल्ला!” म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवले. सबनीसांना पुढचा शब्द आठवेना. ते खुर्ची ओढून बसले. काही वेळाने त्यांनी घसरलेली उशी नीट केली, पांघरूण पायांवर ओढले आणि पुन्हा बसले. म्हातारा वळला, त्यांच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात वेळ संपला. गोळी वाटीतच राहिली.

“काम झालं नाही,” त्याच फिलिपिनो बाई म्हणाल्या.

“नाही झालं. पण जबरदस्ती केली असती तर उद्या त्यांनी मला खोलीत येऊ दिलं नसतं.”

“आणि तुमचे तक्ते?”

“ते आणले नाहीत.”

त्यांचे नाव प्रतीक्षा यादीत लागले.

आता प्रश्न घराचा होता. घर कंपनीचे, गाडी कंपनीची, सईची फी कंपनीची. व्हिसा कॉलेज करणार होते, पण जागा मिळाली तर. आणि सबनीसांच्या नोकरीच्या कराराचे नूतनीकरण त्याच महिन्यात होते; नव्या करारावर सही केली तर पुढची दोन वर्षे कंपनी सोडता येणार नव्हती. देवधर म्हणाले, “सही कर, मूर्खा. प्रतीक्षा यादी म्हणजे सभ्य भाषेतला नकार.” गटातल्या सर्वांचे हेच मत होते. सबनीसांच्या पत्नी अनघा शाळेत गणित शिकवत. त्यांनी मत दिले नाही. त्यांनी शाळेच्या दोह्याजवळच्या, अल वक्रातल्या शाखेत बदली मागितली आणि ती मंजूर झाल्यावर नवऱ्याला सांगितले.

“अगं, जागा कुठे मिळालीय अजून?” सबनीस म्हणाले. “आधी मंजुरी, मग काम.”

“ते तुमच्या प्लांटमध्ये. माझ्या पगारात तिकडे दोन खोल्या होतात, मी बघून आलेय. जागा नाहीच मिळाली तर नोकरी शोधा. पण इथे राहून आणखी दोन वर्षं तुमचं पडलेलं तोंड बघायची माझी तयारी नाही.”

सबनीसांनी करारावर सही केली नाही, राजीनामा दिला. राजीनाम्यात कारण ‘नर्सिंग शिकणे’ असे लिहिले होते. एचआरने तो परत पाठवला आणि ‘वैयक्तिक कारण’ लिहावे असे सुचवले. सबनीसांनी ‘वैयक्तिक कारण : नर्सिंग शिकणे’ असे लिहून पुन्हा दिला. तो स्वीकारण्यात आला.

सामान बांधून झाले तरी कॉलेजकडून काही कळले नव्हते. निरोपाच्या जेवणात देवधरांनी भाषण केले. सबनीस आरोग्यसेवेच्या व्यवस्थापनात मोठी झेप घेत आहेत, असे ते म्हणाले. सबनीस मधेच उठून म्हणाले, “नर्सिंग, देवधर साहेब. आणि तेही अजून नक्की नाही.” टाळ्या थोड्या उशिरा सुरू झाल्या.

वर्ग सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात निवड झालेल्या एका उमेदवाराने माघार घेतली. कॉलेजचा फोन आला तेव्हा सबनीस अल वक्राच्या दोन खोल्यांत पडदे लावत होते.

गेल्या मंगळवारी एका परिचिताला भेटायला मी हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. सबनीस त्याच वॉर्डात प्रॅक्टिकलला होते, विद्यार्थ्यांच्या निळ्या गणवेशात. पलीकडच्या खाटेवर पाय मोडलेला एक ड्रायव्हर होता, बीडकडचा. त्याने हाक मारली, “ओ सिस्टर, जरा इकडं या की.”

सबनीस “आलो” म्हणाले आणि गेले.