दोनदा आलेलं नाव

माझ्याकडे नोकरी मागायला येणाऱ्या पोरांना मी आधी एवढंच विचारते, तुमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिस्ट कधी वापरायची, सेट कधी आणि डिक्शनरी कधी? ते घडाघडा बोलतात. सेटमध्ये तीच गोष्ट दोनदा राहत नाही, हेही सांगतात. मग मी विचारते, "तीच, हे कसं ठरवायचं?" तिथे गाडी अडते आणि टेबलाखाली माझा पाय हलायला लागतो. ती खोड जुनी आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी रत्नागिरीत कम्प्युटरच्या क्लासला जायचे. मशीन एकच, भाषा बेसिक. नावं ठेवायला ॲरे, म्हणजे ओळीने मांडलेले कप्पे, बाकी जे लागेल ते आपलं आपण लिहायचं. धीर म्हणून मला नव्हता.

गणपती आटोपले की चाकरमान्यांना मुंबईला परत न्यायला आमची वाडी एक बस ठरवायची. नावं मुंबईच्या मंडळाकडून यायची आणि घरोघरच्या चिठ्ठ्यांवरूनही, त्यामुळे एकेकाचं नाव दोनदा यायचं. ही यादी साफ करायचं काम मी हट्टाने मागून घेतलं.

बाबा बोटीवर नोकरीला होते. बस मुंबईला पोहोचणार त्याच दिवशी त्यांना बोटीवर हजर व्हायचं होतं. मला म्हणाले, "माजा नि चुलतभावाचा नाव येकच हाय. इसरू नको."

आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, म्हणून दोघांना एकच आलेलं.

"वडिलांचं नाव वेगळं आहे ना? कम्प्युटरला कळतं," मी तोऱ्यात म्हटलं.

पण मेमरी वाचवायला वडिलांच्या नावाचं मी पहिलं अक्षरच घेतलं होतं. माझे आजोबा आणि त्यांचे भाऊ, दोघांचं अक्षर एकच. सख्ख्या नातीच्या डोक्यातही हे आलं नाही. प्रोग्रॅमने प्रत्येक नाव प्रत्येकाशी ताडून पाहिलं आणि पुन्हा आलेलं उडवलं. छापलेली यादी घेऊन मी वाडीभर मिरवले.

बसपाशी मंडळाच्या सेक्रेटरींनी नावं वाचली. ते नाव एकदाच आलं, आणि बाबा व ते चुलतकाका दोघेही बॅगा घेऊन पुढे झाले. बस भरलेली होती, जागा एकच उरली होती. उभ्याने माणूस न्यायला ड्रायव्हर तयार होईना.

"तू चड रे, तुजी बोट सुटंल," काका म्हणाले.

बाबांनी आत पाहिलं. काकांची बायको आणि दोन पोरं जागेवर बसली होती. "तुजी पोरां आत हायत," म्हणाले आणि मागे सरले. मला ओरडायचं होतं, चूक माझी आहे!

त्या आठवड्यात एसटीला जागा कुठून मिळणार? बाबा ट्रक बदलत बदलत गेले आणि एक दिवस उशिरा पोहोचले. बोट निघून गेली होती. पुढची मिळेपर्यंत सात महिने ते घरी बसले. ते एकदाही रागावले नाहीत, आणि मला तेच सोसत नव्हतं. मला घरात एका जागी बसवेना.

पुढच्या गणपतीतही यादी माझ्याकडेच आली. कोणी दिली ते मी विचारलं नाही. सुट्टीवर आलेल्या बाबांनी आपली चिठ्ठी स्वतः लिहून आणली. स्वतःचं नाव, वडिलांचं पूर्ण नाव, आजोबांचं, आडनाव. सगळ्यात खाली एक ओळ होती, "ओळख पटण्यासाठी: यादी करणाऱ्या मुलीचे वडील."