ग्वाल्हेरला ठेवलेलं नाव

तार आली तेव्हा मी लाकडाच्या वखारीत होतो. दाविदला, माझ्या धाकट्या भावाला, मुलगा झाला होता आणि बाळंतपणात त्याची बायको लेया गेली होती. दाविद ग्वाल्हेर दरबारचा ओव्हरसियर. तिथे आम्हा बेने इस्रायल यहुद्यांचं दुसरं घर नाही. आठव्या दिवशी सुंता करायची तर माणूस मुंबईहूनच न्यायला हवा. म्हणून सुंता करणाऱ्या शलोमकाकांना घेऊन मी मेल पकडली.

जाणाऱ्यांनी सुरई बरोबर घ्यावी, झाशीनंतर धूळ फार. टांगा दुसरा विचारावा. पहिला स्टेशनाचा भाव सांगतो. मलिद्याचे, म्हणजे आमच्या प्रसादाचे, पोहे दाल बाजारात मिळाले, नारळ मात्र घरूनच न्यावेत.

जयेंद्रगंजात दाविदला शेजार दक्षिणी मराठ्यांचा. स्वयंपाक शेजारच्या काकूंनीच उचलला होता. मला म्हणाल्या, "तुम्ही शनवार तेली ना? शनिवारी घाणा बंद, एक दिवस छुट्टी. आमच्याकडे तलवारी टांगल्यापासून रोजच छुट्टी."

दाविद सुतकात जमिनीवर बसलेला. मुलाचं नाव ठरवून सर्वांसमोर उच्चारायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं. आत लेयाची आई शलोमकाकांशी हळू बोलत होती, पण माझे कान वखारीत तयार झालेले. जाताना लेयाने मुलाचं नाव बेन-ओनी सांगितलं होतं. शास्त्रातली राहेल बाळंतपणात मरताना हेच नाव ठेवते: माझ्या दुःखाचा पुत्र. बाप याकोब ते बदलून बिनयामिन करतो: उजव्या हाताचा पुत्र.

मला वाटलं, प्रश्न मिटला. चांगल्या मालावर रडकी पाटी कोण लावतो? एलियाहू प्रेषितासाठी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीशेजारी, बाळाला मांडीवर घेऊन, मी खणखणीत म्हटलं, बिनयामिन. सगळे आमेन म्हणाले. एकदा म्हटलेलं नाव परत घेता येत नाही.

मलिदा वाटताना विहीणबाई माझ्यापुढे थांबल्या.

"तुम्ही ऐकलं होतंत ना, दादा?"

मी याकोबाचा दाखला दिला.

"त्याने बदललं तेव्हा राहेल बोलायला उरली नव्हती." त्यांनी पोहे माझ्या हातावर ठेवले. "माझ्या लेकीला पोराला पाजताही आलं नाही. तिने एवढंच दिलं होतं त्याला."

ते पोहे मी हातात धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या यजमानांनी हट्टाने किला गेटपर्यंत नेलं. "इतक्या लांब आलात, वर चला तो सही." मी टांग्यातून उतरलो नाही. वर कातळात प्रचंड मूर्ती आहेत म्हणतात. तुम्ही जरूर पाहा.

घरी बायकोने पाणी दिलं आणि विचारलं, काय ठेवलं नाव?

मी दोन्ही सांगितली. आधी लेयाचं.