आकारामचं खरं वय

आकारामच्या हाताकडे बघून मी पहिल्यांदा गप्प झालो. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतला नव्हे.

१९४६ साली साताऱ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडरचा वर्ग निघाला. जागा आठ, अर्ज साठ. मी सांगलीचा गंगाधर, मॅट्रिकला दोनदा आपटलेला आणि हळदीच्या पेढीवर पत्रं लिहून कंटाळलेला. परीक्षेत प्रत्येकाला एक मिक्श्चर बनवायचं होतं. शेजारच्या टेबलावर विट्याकडचा आकाराम होता. लढाईत इटलीला जखमी सांभाळून तो नुकताच परतला होता. त्यानं काचेचं माप डोळ्यांसमोर धरून औषध ओतलं आणि नेमक्या रेघेवर थांबवलं. मग बाटलीवर डकवायची कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं खाचा पाडल्या. एक खाच म्हणजे एक डोस. त्याच्या आठही खाचा सारख्या होत्या. माझी पट्टी उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती.

निकालात तो पहिला आला आणि मी नववा.

पुढं कागद तपासले गेले. लष्करातून आलेल्यांना आधी घेणार, असं फलकावर लिहिलं होतं, म्हणून आकारामनं शाळेच्या दाखल्याबरोबर लष्करातल्या नोकरीचं पुस्तकही जोडलं होतं. वयाची अट चोवीसची. दाखल्यावर तेवीस, पुस्तकात पंचवीस. हेडक्लार्कनं सगळ्यांसमोर विचारलं, "यातलं खरं कुठलं?"

"साळंतलं," आकाराम म्हणाला. "भरतीला सोळाचा हुतो. अठरा सांगितलं. आमच्याकडं समदीच वय वाढवून जात्यात."

"म्हणजे सरकारशी खोटं बोललास."

"व्हय."

नुसतं 'व्हय'. पोटासाठी, लहान होतो, असलं एक अक्षर पुढं जोडलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी निवाडा दिला. पुस्तक खरं मानलं तर वय जास्त, आणि खोटं मानलं तर असल्या माणसाच्या हाती विषाच्या कपाटाची किल्ली देता येत नाही. दोन्ही वाटांनी आकाराम बाहेर. गोळी खाऊन आलेल्यांची मलमपट्टी करणारा माणूस एका शब्दावर खोटारडा ठरला. मला त्या निवाड्याची अजून चीड येते. त्या दिवशी मात्र मी मनातल्या मनात पेढे वाटत होतो, कारण त्याची जागा नवव्याला मिळाली.

आणि खरं सांगायचं तर पंचवीस वर्षांचा मी होतो. शाळेत घालताना वडिलांनी माझी दोन वर्षं कमी लावली होती. आमच्या पेठेत ती रीतच. पुढं नोकरीला वय शिल्लक राहावं म्हणून घरोघरी असंच करत. हेडक्लार्कचा प्रश्न ऐकताना माझे कान तापले होते, पण जीभ हलली नाही.

डॉक्टरांना आकारामचे हात मात्र हवे होते. त्यांनी त्याला वॉर्डात नोकर म्हणून ठेवून घेतलं. आमचे शिकवणारे गुरुजी डुलक्या काढत, तेव्हा आम्हा आठजणांना मलम घोटायला, पुड्या बांधायला आकारामच शिकवी. मी सगळ्यांत ठोंब्या, म्हणून माझ्यावर त्याची मेहनत जास्त. "आरं गड्या, दमानं घोट. भाकरीचं पीठ न्हाई ते," असं म्हणत तो माझा हात धरून खलात फिरवी.

एकदा मी विचारलं, "तुला राग नाही येत?"

"लय येतो. पर तुज्या हातचं औषिद पिणाऱ्यानं माजं काय वाईट केलंय?"

राग असून तो हातात उतरू न देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

शेवटच्या परीक्षेच्या आठवड्यात मला राहवलं नाही. औषधांच्या खोलीत दोघंच होतो. मी त्याला माझं खरं वय सांगितलं, आणि त्याची जागा मी खाल्ली हेही सांगितलं. तो मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानं हातातली बाटली खाली ठेवली.

"म्यां साहेबास्नी सांगितलं, तर तुमी जाणार. मला काय घेत न्हाईत ती," तो म्हणाला. "मी न्हाई सांगायचा. तुमचं तुमी बगा."

मी साहेबांना सांगितलं नाही. पास झालो, प्रमाणपत्र घेतलं आणि त्याच दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीशी उभा राहिलो. आकाराम वॉर्डातच राहिला.

पण त्याच्या त्या बोलण्यातलं 'तुमी' मला नंतर उमगलं. वर्षभर मला 'आरं' म्हणणारा तो माणूस, मी दोन वर्षांनी थोरला आहे हे कळताच मला थोरल्याचा मान देऊ लागला होता. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांदेखत मला दादा म्हणू लागला. लोकांना वाटलं, मी आता कंपाउंडर होणार म्हणून. कुचेष्टा असेल या आशेनं मी कितीदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती तिथं कधीच नव्हती.