बोलल्यानंतरचे आठवडे

पांडेसऱ्यातल्या मिलमधून पोलिसांनी माझ्या नवऱ्याला नेलं, तेव्हा मी घरी साड्यांना लेस लावत होते. गोदामातून कापडाचे तागे चोरीला गेले होते आणि त्या पाळीतल्या चौघांना उचललं होतं. त्यात हे एक. सासूबाईंनी आधी दार लावलं. म्हणाल्या, "कोनले सांगू नको." शेजारीपाजारी आम्ही सांगितलं, ते शिरपूरकडे गावाला गेलेत. मुलीलाही शाळेत तेच सांगायला लावलं. ती आठ वर्षांची. खोटं बोलताना माझा हात घट्ट धरायची.

तारीख पडायची, मी कोर्टात जाऊन बसायचे आणि संध्याकाळी कळायचं, आज कैद्यांना आणलंच नाही. तुरुंगाबाहेर मुलाकातीच्या रांगेत एक बाई भेटल्या. त्यांचा भाऊ बरीच वर्षं आत काढून निर्दोष सुटला होता. तरी त्या दर बुधवारी येत, आमच्यासारख्यांचे अर्ज लिहून देत. न्यायाधीश आणि तुरुंगाचे अधिकारी सभा घेऊन घरच्यांचं म्हणणं ऐकणार आहेत, तू बोल, असं त्यांनी सांगितलं.

मी बाहेर बोलले आणि आत यांना कोणी मारलं तर? काचेपलीकडे बसलेल्या यांना मी फोनवर तेच विचारलं. हे म्हणाले, "बोल. पण मुलीला सोबत नेऊ नको."

सभेत मी उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. कसंबसं बोलले, "साहेब, तारीख बदलली तर घरी कळवा. आम्ही दिवसभर कोर्टाच्या दाराकडे बघत बसतो. आणि आमच्याकडे वकील नाही." एका अधिकाऱ्याने यांचं नाव विचारून लिहून घेतलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

पुढच्या बुधवारी खिडकीवरचा शिपाई म्हणाला, आज भेट नाही. कारण सांगितलं नाही. त्यापुढच्या बुधवारीही तेच. लेस लावताना सुई बोटात जायची. सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मुलीने एकदा विचारलं, पप्पा मेले का? मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिलाच जवळ घेऊन रडले.

तिसऱ्या आठवड्यात हे काचेपलीकडे आले, पार वाळलेले. टायफॉइड झाला होता, तुरुंगाच्या दवाखान्यात होते. घरी कळवावं असं कुणाला सुचलं नव्हतं. नाव लिहून घेतलं होतं ते सरकारी मदतीतून वकील देण्यासाठी. तशा मिळालेल्या वकीलबाईंनीच पुढे जामीन मिळवला.

आता हे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात जातात. खटला चालूच आहे. दाराशी कुणी आलं की आधी मी उठते, यांना उठू देत नाही. बुधवारी मीही रांगेत अर्ज भरून देते. परवा रांगेत, नवरा आत असलेल्या एका नव्या लग्नाच्या मुलीने विचारलं, ताई, बोलल्यावर आत काही करत नाहीत ना?

तिला धीर द्यावा असं फार वाटलं. पण खोटं सांगवेना.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मला तर अजून भीती वाटते."

तिने थोडा विचार केला आणि पुढची सभा कधी आहे ते विचारलं.