मल्लप्पाच्या हॉटेलापर्यंत आणि परत

मल्लप्पा आमच्या दुकानात कधी येत नाही, त्याचा चहा येतो. त्या दिवशी भरदुपारी तो स्वतःच पायऱ्यांशी येऊन उभा राहिला, हातात ना किटली ना कप. नवी पेठेत लग्नसराईची गर्दी होती, मी गिऱ्हाइकापुढं चादरी पसरून बसलो होतो. "सदाभाऊ, जरा भाईर या की," म्हणाला. मी बाहेर गेलो. तेव्हा म्हणाला, "परभाकर गेला... आत्ताच." मी मल्लप्पावरच खेकसलो, "सकाळी तर ताप उतरला म्हणत होतास!" प्रभाकर जाणार हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, मला तर डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तरी राग आलाच. आता काही आठवडे उलटून गेलेत, राग अजून तिथंच आहे, फक्त तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

प्रभाकर माझ्या वर्गातला. पुढं मी कापडाच्या दुकानात चिकटलो आणि तो गिरणीत इलेक्ट्रिशियन झाला. गिरणीतले दिवे आपल्याच कृपेनं लागतात अशा तोऱ्यात तो सात रस्त्यावरून सायकल हाणायचा, हात सोडून. एक दिवस खात्यातला पंखा दुरुस्त करताना शिडीवरून पडला. पाठीचा कणा मोडला. कमरेखाली काही उरलं नाही. मग आमच्या गल्लीतल्या त्याच्या तळमजल्याच्या खोलीत खिडकीशी खाट आली आणि प्रभाकर त्या खाटेवर आला, तो कायमचा. पाठीला तक्क्या लावून लोकांचे ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त करता करता मालकाला शिव्या घालायचा. "गाणी ऐकता का मसाला कुटता रं ह्यात?" अशी त्याची बोलायची तऱ्हा. लोक हसत घरी जात.

पण एकदा, आम्ही दोघंच असताना, तो छताकडं बघत म्हणाला, "सद्या, दिवसभर कुणीतरी मला उचलतंय. न्हाणीला उचलतात, उन्हाला उचलतात, चादर बदलायला उचलतात. आई म्हातारी झाली, तिच्याच्यानं होत न्हाय, मग शेजारचे येतात. समदे चांगले हायत रे. पर माणसानं किती उचलून घ्यायचं?" मी विषय बदलला, त्यानं बदलू दिला.

त्याच सुमारास इब्राहिमभाई कुवेतहून रजेवर आले. ते आमच्याच गल्लीतले, तिकडं मोटारींच्या गॅरेजात कामाला. पुतण्यासाठी त्यांनी रेडिओवर चालणारी खेळण्यातली मोटार आणली होती, हातभर लांब, लालभडक. हातात एरियलवाला डबा धरायचा आणि इकडून बटण दाबलं की तिकडं मोटार पळायची. प्रवासात आपटून ती बंद पडली, म्हणून प्रभाकरकडं आली. त्यानं दोन दिवसांत चालू केली. इब्राहिमभाईंनी त्याचा चेहरा बघितला असावा. म्हणाले, "प्रभाकरभाई, ये तुमीच रखो. हमारे घर में बच्चे इसकू आठ दिन में तोड डालते."

पहिल्याच दिवशी त्यानं ठरवलं की मोटार मल्लप्पाच्या हॉटेलात जाणार. हॉटेल गल्लीच्या टोकाला, खिडकीतून नीट दिसणारं. मोटारीच्या पाठीवर तारेचा पिंजरा केला. मल्लप्पानं त्यात विडीचं बंडल ठेवायचं आणि मोटारीनं ते घेऊन परत यायचं. गेली मोठ्या डौलात. सगळी गल्ली ओट्यावर आली. मल्लप्पानं बंडल ठेवलं, वर नमस्कारही केला. परत निघाली आणि पिठाच्या गिरणीपाशी हळू झाली, मग थांबली. सेल संपले. एका हमालानं ती प्रेमानं उचलून खिडकीत आणून दिली. "घ्या मालक, तुमची गाडी." लोक हसले, मीही हसलो. प्रभाकर हसला नाही. तो म्हणाला, "पुन्हा कुणी हात लावायचा न्हाय. थांबली तर थांबू दे. ती आपली आपण जाईल आन् आपली आपण परत येईल." तेव्हा मला कळलं की हा खेळ नाही.

मग त्याचा तो उद्योग सुरू झाला. सेल तेवढेच, वाट तेवढीच, तर बाकीचं काय काय कमी करता येईल? आधी पत्र्याचं अंग काढून बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा बसवला. चाकांतलं घट्ट ग्रीस रॉकेलनं धुतलं आणि शिलाई मशिनच्या तेलाचे थेंब सोडले. दात्यांची चाकं बदलून वेग उतरवला. वेग कमी-जास्त करायला आत एक तारेचं वेटोळं होतं, मोटार हळू चालवली की ते तापायचं. त्याला ते बघवेना. "हळू जायचं म्हणून करंट जाळायचा? ह्यो कुटला शाणपणा!" म्हणून त्यानं ते उपटूनच टाकलं. मग बटण क्षणभर दाबायचं, सोडायचं, मोटार आपल्या जोरावर गडगडू द्यायची, थांबायला आली की पुन्हा दाबायचं. मला सकाळी दुकानात जाताना गल्लीतले खडे बाजूला करायची ड्युटी लावली होती. आणीबाणीचे दिवस होते, सगळीकडं शिस्तीचे फलक लागले होते. मी वाकून खडे वेचताना बघून मल्लप्पा म्हणायचा, "सरकारी हुकूम आला काय, सदाभाऊ?"

परतीला मोटार पिठाची गिरणी ओलांडून गल्लीतल्या नळापर्यंत यायला लागली. नळाशी थांबायची. मग ती तिथंच उभी. सायकली वळसा घालून जायच्या, म्हैस हुंगून जायची, बायका घागर भरून तिच्या बाजूनं निघायच्या. संध्याकाळी मावशी, म्हणजे प्रभाकरच्या आई, कुणाचं लक्ष नसताना ती पदराखाली घेऊन यायच्या आणि प्रभाकर तेवढा वेळ भिंतीकडं तोंड करून असायचा. नळापासून त्याची खिडकी हाकेच्या अंतरावर होती. तेवढंच राहायचं.

साध्या सेलांवर हे जमणार नाही असं शेवटी त्यानंच मान्य केलं. इब्राहिमभाईंनी पुढच्या रजेत येताना पुन्हा भरता येणारे सेल आणले. तसले सेल आम्ही कुणी बघितले नव्हते. प्रभाकरनं जुन्या ट्रान्सफॉर्मरवर ते भरायची सोय केली, सेलांना तारांची टोकं जोडली, आणि खोलीतच खाटेभोवती मोटार फिरवून बघितली. फिरली, फिरतच राहिली... तो शिडीवरून पडल्यापासून मी त्याला इतकं आनंदात बघितलं नव्हतं. मला म्हणाला, "उद्या सांजच्याला दुकान लवकर सोड. मल्लप्पाला म्हणावं, बंडल काढून ठेव."

दुसऱ्या दिवशी सेल पूर्ण भरून त्यानं फळीवर ठेवले आणि दुपारी त्याचा डोळा लागला. एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन. मावशी न्हाणीवरच्या बुटक्या पत्र्यावर कुरडया घालत होत्या. त्यांनी सेलांना हात लावून बघितला, तर गार. आमच्याकडं बॅटरीचे, ट्रान्झिस्टरचे सेल मंद झाले की उन्हात टाकतात, तापले की पुन्हा जरा चालतात. हे मावशींना प्रभाकरनंच लहानपणी शिकवलं होतं. आज पोराचं मोठं काम आहे, सेल चांगले तापू देत, म्हणून त्यांनी ते टोकांसकट कुरडयांच्या शेजारी पत्र्यावर मांडून ठेवले. एक तर ऊन, त्यात तारांची उघडी टोकं पत्र्याला टेकून शॉर्टसर्किट झालं. मी आलो तेव्हा त्या पदरात सेल घेऊन आत येत होत्या. वरचं आवरण आकसलं होतं, आतून पांढरं काहीतरी बाहेर आलं होतं. प्रभाकरनं एकेक हातात घेऊन बघितला. मला वाटलं आता हा ओरडणार. घर डोक्यावर घ्यायची त्याची जुनी सवय. तो म्हणाला, "कुरडया वाळल्या का गं?"

"वाळल्या की. पर हे असं कशानं झालं रे?"

"कुवेतवरनंच बाद आले हुते," प्रभाकर म्हणाला. "मला कालच शंका आली हुती."

मावशी पाण्याला गेल्या तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. "तिला कुणी सांगायचं न्हाय, सद्या. मी मेलो तरी न्हाय." मल्लप्पा टोकाला बंडल हातात घेऊन उभा होता, त्याला मी खुणेनंच नाही म्हणालो.

इब्राहिमभाई पुन्हा कधी येणार याचा भरवसा नव्हता, आणि नवे सेल मागव म्हणून मी कितीदा मागं लागलो तरी तो ऐकेना. दुसरे उन्हात न ठेवता नीट चालले असते तर पहिले उन्हात ठेवल्यानंच गेले हे मावशींच्या ध्यानात आलं असतं. साध्या सेलांवर मोटार नळापर्यंत येत राहिली. पुढं प्रभाकरच्या पाठीला जखमा झाल्या, त्या भरेनात. मग ताप यायला लागला. मोटार खाटेखाली गेली. ती एकदाही आपली आपण परत आली नाही, हे मला इथं लिहायलाच हवं. शेवट गोड करावा असं फार वाटतं, पण तसं झालं नाही. त्याला गल्लीतून नेलं तेव्हा चौघांनी उचललंच. मल्लप्पानं हॉटेलची भट्टी विझवून ठेवली होती.

गेल्या रविवारी मी गेलो होतो. खाट तशीच आहे. मावशी खाली जमिनीवर बसतात, खाटेवर बसत नाहीत. चहा झाल्यावर मला मागं न्हाणीपाशी घेऊन गेल्या आणि पत्र्यावर बोट ठेवलं. तिथं पांढरट, खाल्ल्यासारखे डाग आहेत, ओळीनं. "चिंच लावून घासलं, राख लावून घासलं. जात न्हाईत," म्हणाल्या. मग डागावरचं बोट न काढता, "सदा, तू शिकलेला हायस. खरं सांग. ते शेल माज्यामुळं गेले का रे?"

मी पत्र्याकडं बघत म्हणालो, "नाही हो मावशी. ते कुवेतहूनच खराब आले होते."

त्यांनी मान हलवली. "त्योबी हेच म्हनाला हुता," त्या म्हणाल्या. "त्योबी तवा माज्याकडं बघत न्हवता."